चालेल म्हणणारा पेशंट

किर्र… खट. किर्र… खट. आता तुम्ही हसाल, पण तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही, आणि त्यात माझ्या नातीनं नर्सिंगच शिकायला जावं? माझं अपेंडिक्स काढलं तेव्हाची गोष्ट. मिसरूड नुकतं फुटत होतं मला. त्या वॉर्डात सिस्टर औषधांची जी ढकलगाडी घेऊन यायच्या, तिचं एक चाक वाकडं होतं. लांबून किर्र… खट आलं की समजायचं, इंजेक्शन निघालं. मग आमची सगळी रांग पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून झोपेचं सोंग घ्यायची. चांगली दाढीमिशीवाली माणसं हो, एक तर पोलीस होता. पण सोंग घेतलेल्या माणसालाही टोचता येतं, हे सिस्टरना पक्कं ठाऊक. तेव्हापासून तुम्हाला सांगतो, सुईला मी जाम घाबरतो. आणि माझा धंदा काय, तर शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. अख्खी हयात सुया बदलण्यात गेली. पण ती सुई कापडात जाते, माझ्यात नाही, फरक आहे की नाही? हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. बायको गेली बिचारी, तिलासुद्धा पत्ता नव्हता. असा मी, आणि माझीच नात नर्सिंगला. घरी येऊन म्हणाली, आजोबा, प्रवेश मिळाला. मी काय म्हणणार? म्हटलं, चालेल.

मला वाटलं होतं, नर्सिंग म्हणजे काय, ताप बघायचा, पट्टी बांधायची, उशी थोपटायची. कुठलं काय! आधी हाडं. नुसत्या एका हातात इतकी हाडं असतात आणि प्रत्येकाला वेगळं नाव असतं, हे मला या वयात कळलं. माझ्या कुठल्या मशीनमध्ये एवढे भाग नव्हते. पोरगी माझा हात समोर घ्यायची आणि खांद्यापासून एकेक हाड दाबत नाव म्हणत खाली यायची. मनगटाशी आली की हटकून अडखळायची, तिथं बारीकसारीक हाडांची गर्दी फार. अडखळली की पुन्हा खांद्यापासून. माझं मनगट राहायचं बाजूला, खांदाच दुखायला लागला. विचारायची, आजोबा, अजून एकदा? म्हटलं, चालेल.

मग अंथरूण घालणं. तुम्ही म्हणाल, अंथरूण कोण घालत नाही? तसं नाही ते. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, वर एक सुरकुती दिसता कामा नये. आमच्याकडे एकदा तसं अंथरूण घातलं की माझ्याच खाटेवर मला बसायची चोरी. आणि त्यापुढचा धडा म्हणजे माणूस अंथरुणात असताना चादर बदलणं. मला एका कुशीवर वळवायचं, अर्धी चादर सरकवायची, मग त्या वळकटीवरून मला दुसऱ्या कुशीवर आणायचं. कापडाचा तागा असतो ना दुकानात, गिऱ्हाइकाला दाखवायला गडगडवतात, तसा मी गडगडत होतो. शिवाय दिवसभर वॉर्डात उभं राहणं. पोरगी घरी यायची ती दारातल्या स्टुलावर बसायची आणि एक मोजा काढून दुसरा काढायच्या आत तिथंच झोपायची. दुसरा मोजा सूनबाई काढायची.

एवढं सगळं करून पोरगी नापास.

लेखीत नाही हो, लेखीत उत्तम. प्रात्यक्षिकात. आणि कशानं, तर बोलत नाही म्हणून. आता याला काय करणार, आमचं घराणंच मुकं. माझा मुलगा बस चालवतो. बसमध्ये पाटी असते बघा, चालकाशी बोलू नये म्हणून, ती त्यानं इतकी मनावर घेतली आहे की घरीही कुणाला बोलू देत नाही. बोलते ती एकटी सूनबाई, आम्हा सगळ्यांच्या वाटचं. नात तिच्या बापावर गेली. लहानपणापासून घरात कुणी आजारी पडलं की ही उशाशी येऊन बसणार, पाणी देणार, कपाळावर हात ठेवणार, पण शब्द नाही. तर ती नापास झाल्यावर नर्सिंगच्या शाळेतल्या मॅडमनी माझ्या मुलाला बोलावून घेतलं. हा गणवेशातच गेला, मॅडमच्या समोर बसला, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी मॅडमच म्हणाल्या म्हणे, मुलीचं कुठून आलं ते आता कळलं मला. पुढं त्यांनी समजावून सांगितलं, की हिचे हात चांगले आहेत, पण पेशंट म्हणजे उशी नव्हे, न सांगता उचलायला. आधी आपण कोण ते सांगायचं, काय करणार ते सांगायचं, चालेल का विचारायचं, आणि मग हात लावायचा. परीक्षा पुन्हा देता येईल, पण ही शेवटची. यातही नापास झाली तर अख्खं वर्ष धाकट्या मुलींबरोबर पहिल्यापासून.

पोरीनं पांढरा गणवेश ट्रंकेच्या अगदी तळाशी ठेवला आणि आईला सांगितलं, की परीक्षेत राहिले तर परत जाणार नाही, आत्याच्या दुकानात बसेन. आत्याचं दुकान बटणांचं. म्हणाली, बटणं विकायला बोलावं लागत नाही, नुसती दाखवायची.

आता मला सांगा, ज्या पोरीच्या हाताखाली माणसाचं दुखणं निम्मं होतं, तिनं बटणं दाखवायची? मी कधी कुणाच्या मध्ये पडत नाही. पण त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, सराव कर. मी होतो तुझा पेशंट.

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे उघडतोय तो ही खाटेशी उभी. नमस्कार आजोबा, मी नर्सिंगची विद्यार्थिनी, मी तुमची नाडी पाहणार आहे, चालेल का? इतकं हळू, की मला नुसते ओठ हललेले दिसले. मी अंदाजानं म्हटलं, चालेल. मी तुमच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणार आहे, पट्टा थोडा आवळेल, चालेल का? तो पट्टा म्हणजे, तुम्हाला सांगतो, हाताला कुणीतरी वैरी भेटल्यासारखा आवळतो. पण पोरगी तोंड उघडतेय म्हटल्यावर मी काय म्हणणार? चालेल. ताप बघू? चालेल. कुशीवर वळवू? चालेल. पुन्हा वळवू? चालेल गं. हळूहळू आवाज वर आला. खोलीत ऐकू यायला लागला, मग स्वयंपाकघरात, मग जिन्यात. घरालाही ते लागलं. एकदा सकाळी माझा मुलगा किटली हातात धरून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, मी आता चहा ओतणार आहे, चालेल का? वर्षभरातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य ते. सूनबाई इतकी हसली की ओतलेला चहा सांडला.

इंजेक्शनचा सराव संत्र्यावर. टोपलीतलं एक संत्रं धड राहिलं नाही. तिथवर ठीक होतं हो. पण एक दिवस संत्री संपली आणि पोरगी माझ्या दंडाकडे बघायला लागली. म्हणाली, आजोबा, सुई नाही, नुसता कापूस फिरवून दाखवते, चालेल का? तो स्पिरिटचा वास आला मात्र, कानात किर्र… खट सुरू झालं. डोळे मिटले आणि मनातल्या मनात बेचा पाढा सुरू केला. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. घाबरलेलं कळलं तर ती थांबली असती, आणि थांबली असती तर संपलंच. म्हटलं, चालेल.

परीक्षेला प्रत्येकीनं घरचं एक वयस्कर माणूस पेशंट म्हणून आणायचं होतं. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. मोठी खोली, ओळीनं खाटा, मध्ये कापडी पडदे. तिथं गेल्यावर कळलं की पेशंट बदलून देणार, आपलं माणूस आपल्याला नाही. आणि पेशंटनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, बाकी तोंड उघडायचं नाही. माझ्या वाट्याला आली दुसरीच एक पोरगी. बडबडी! नमस्कार म्हणायच्या आधीच माझी बाही वर गेलेली, आणि विचारतेय चालेल ना, चालेल ना, मी उत्तर देईपर्यंत पट्टा बांधूनसुद्धा झाला. आणि माझी नात पडद्याच्या पलीकडे. पडद्याखालून तिचे पांढरे बूट दिसत होते. तिच्या खाटेवर कुणी आजी. दिसत नव्हती, पण आवाज तेल न घातलेल्या मशीनसारखा.

नात म्हणाली, स्पष्ट म्हणाली, "नमस्कार आजी, मी नर्सिंगची विद्यार्थिनी. मी तुमच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणार आहे. चालेल का?"

"नाही चालणार," आजी म्हणाली.

आता बोला! एवढा सराव केला, सकाळ नाही संध्याकाळ नाही, पण मी एकदा तरी नाही म्हटलं होतं का? मशीन सगळा वेळ मलमलीवर चालवलं आणि आज एकदम ताडपत्री घातली. पलीकडचे बूट हलेनात. तिथल्या मॅडमनी पेन टेकवल्याचा आवाज आला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं विचार, काहीतरी बोल, पण तोंड उघडायला बंदी. माझ्या डोळ्यांपुढं नुसती बटणं, लाल, हिरवी, चार भोकांची. आणि इकडं बडबडी पट्ट्यात हवा भरतेय.

मग नातीचा आवाज आला. "का नको, आजी?"

हे पाठांतरात नव्हतं. पाठांतर मला तिच्याइतकंच पाठ आहे, त्यात का नव्हतंच. आजी मग म्हणाली, "तू विचारलंस म्हणून सांगितलं. घरी विचारतात, पण उत्तराला थांबतंय कोण? तो पट्टा फार आवळतो गं. मला भीती वाटते."

स्टूल ओढल्याचा आवाज आला. बूट खाटेजवळ गेले. आणि नात म्हणाली, "माझ्या आजोबांनाही वाटते."

आणि जी सुटली, तुम्हाला सांगतो… आयुष्यभराचं साठलेलं तिनं त्या खाटेवर ओतलं. माझे आजोबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे, पण सुईला इतके घाबरतात की नुसता ओला कापूस दिसला तरी डोळे मिटतात. त्यांना वाटतं मला कळत नाही. मग ते पाढा म्हणतात, ओठ हलतात ना, त्यावरून दिसतो, आणि बे चोक सात म्हणतात. कुशीवर वळवताना खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरतात, खाट उडून जाणार असल्यासारखी. दुपारी झोपताना कवळी कपात ठेवतात आणि उठल्यावर कप शोधतात. अहो, अख्खी खोली ऐकतेय! पलीकडच्या खाटेवरचा एक म्हातारा खोकतोय की हसतोय कळेना. मी छताकडे बघत पडून राहिलो.

"त्यांना यातलं काहीच चालत नाही, आजी," ती म्हणाली. "तरी सगळ्याला चालेल म्हणतात. म्हणून पट्टा बांधायच्या आधी मी त्यांचा हात धरून बसते थोडा वेळ. त्यांना वाटतं नाडी मोजतेय. नाडी केव्हाच मोजून झालेली असते."

मग आजी म्हणाली, "धर मग माझाही."

मला काय झालं ते मला नाही सांगता येणार, पण पट्ट्याला ते कळलं. बडबडीनं आकडा वाचला, तर भलताच वर. माझ्याकडच्या मॅडमनी आधी मोजून ठेवला होता तो कितीतरी खाली. त्या म्हणाल्या, चुकलीस, नीट मोजलं नाहीस. आणि ती पोरगी, जिचं तोंड सकाळपासून मिटलं नव्हतं, ती गप्प झाली आणि तिचे डोळे भरले. आता नियम मोडायचा की पोर बुडवायची? मी उठून बसलो. म्हटलं, "मॅडम, तिचं बरोबर आहे. पलीकडे माझ्याबद्दलच चाललंय." मॅडमनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते त्यांचे.

पास झाली. बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा मॅडमनी स्वतः येऊन सांगितलं. बडबडीही झाली म्हणे. वर माझ्या नातीला म्हणाल्या, पुढच्या वेळी थोडं कमी बोललीस तरी चालेल. नात माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिला चांगलं सुनावणार होतो, अगं, एवढं सगळं, चारचौघांत? तर तिनं माझं मनगट हातात घेतलं. आता हे काय आहे ते मला ठाऊक, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक. काय सुनावणार? बसलो.

तेवढ्यात ती आजी आली, काठी टेकत. पहिल्यांदाच बघत होतो मी तिला. बुटकी, नीटनेटकी, आणि बडबडी तिच्यामागं तिची पिशवी घेऊन. तिचीच आजी निघाली ती! माझ्यासमोर येऊन थांबली. मी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, ताठ बसलो, म्हटलं माणसानं आपली ओळख करून द्यावी. पण तिनं मला वरून खालपर्यंत असं निरखलं, एक्स-रे उजेडाकडे धरून बघतात ना, अगदी तसं. आणि मला कळून चुकलं, की आपल्याकडे आता सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही. आजीनं मान हलवली, हसू ओठांत दाबून धरलं, काठी उचलली, आणि निघून गेली.