कपाटातली अकरा नावं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले माजी प्राचार्य आदरणीय गायधनी सर, व्यासपीठावरील संस्थेचे मान्यवर पदाधिकारी, सहकारी प्राध्यापक आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

एकतीस वर्षं मानसशास्त्र शिकवून आज मी निवृत्त होते आहे. सोल्युशन, थिनर हुंगल्याने माणसाचं वागणं कसं बदलतं, या संशोधनात आहेरबाईंनी नाव कमावलं, असं सर आत्ताच म्हणाले. सर, हा विषय तुम्हीच मला सुचवलात. ते ऋण मी मानते. पण नावाची गोष्ट निघालीच आहे, तर थोडं बोलू द्या.

१९९४ साली मी अंबडकडच्या एका चपलांच्या कारखान्यात जाऊ लागले. सोल चिकटवणाऱ्या बायकांपैकी अकराजणी सोल्युशन मुद्दाम हुंगायच्या. पदराच्या टोकाला लावायचं, नाकाशी धरायचं. भूक मरते, उभं राहून पाय दुखत नाहीत, म्हणायच्या. त्यांतली एक पेठ तालुक्यातल्या डोंगरातली. तिला आपण कुसाबाई म्हणू. खरं नाव मी आजही घेणार नाही. हात किती स्थिर आहे ते तपासायला मी मणी ओवायला दिले की हसायची. "बाई, लहानपनी चुकवलेली शाळा आता गाठते व्हय मला?"

एक दिवस मात्र हसली नाही. म्हणाली, "पोरीच्या गालावर वळ दिसला. मी इचारलं, कोनी मारलं गं? ती म्हने, तूच."

सांगा, हे वाक्य कुठल्या तक्त्यात बसवायचं? तिने ते मला सांगितलं, कारण मी शब्द दिला होता: नाव कुणालाही कळणार नाही. नावांची वही विभागाच्या कपाटात असे. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक सरांकडे.

सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी अकराही जणींना एकाच दिवशी कामावरून काढलं. कारखान्याचे मालक तेव्हा आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर होते. मी धावत सरांच्या केबिनमध्ये गेले. सर शांतपणे म्हणाले, "त्यांनी यादी मागितली, मी दिली. आहेरबाई, संस्थेत राहायचं तर थोडं समजून घ्यावं लागतं. बसा, चहा घ्या."

आणि मी काय केलं असेल? मी चहा घेतला. पुढच्या वर्षी शोधनिबंध छापून आला, त्यात सरांचे विशेष आभारही मानले. ज्यांचं बोट धरून मी हे शास्त्र शिकले, त्यांनी असं केलं, हे स्वतःशी कबूल करायला मला नऊ वर्षं लागली.

सर, आपण घड्याळ पाहताय. आवरते.

ती नऊ वर्षं सरल्यावर मी कुसाबाईच्या गावी गेले होते. ती दारातूनच म्हणाली, "तुमी इचारलं, ते सगळं सांगितलं. येक नावच झाकायचं व्हतं, ते तुमच्या हाती दिलं."

शाल-श्रीफळाबद्दल, इतक्या वर्षांच्या प्रेमाबद्दल आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात आज काही कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. त्या अकराजणींच्या बाबतीत झालेल्या चुकीची माफी मात्र आपल्याकडे मागत नाही. ती मागायला मी परवा रविवारी पुन्हा पेठला जाऊन आले.

कुसाबाईने पाणी दिलं. बसा म्हणाली नाही.

नमस्कार.