तेवढं एक नाव

मी मूळची मुरबाडची. वडील शाळामास्तर, म्हणून मला चौथीपर्यंत शिकता आलं, आणि घरात पशुपक्ष्यांच्या चित्रांचं एक पुस्तक होतं, ते मी इतकं वाचलं की पानं सुटी झाली. मग लगीन होऊन सापगावला आले. इथं वाचायला काय, तर पंचांग. काय सांगू तुम्हाला बाई, ती पुस्तकातली जनावरं मुंबईच्या अजबखान्यात पेंढा भरून ठेवलेली असतात असं वडील सांगायचे, ती एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच माझी हौस.

लढाईच्या आधी एका वर्षी तिथलेच एक साहेब, आपले मराठीच, पेट्या घेऊन शहापूरच्या शाळेत आले. बायकापोरांसकट या, अशी दवंडी दिली. साहेब एकेक पेटी उघडायचे आणि विचारायचे, हे काय. जो सगळी नावं सांगेल त्याला घरच्या एका माणसासोबत अजबखाना दाखवू म्हणाले. खंड्या, तांबट, धनेश, मी सांगत गेले. शेवटी दोघीच उरलो, मी आणि माझी थोरली नणंद चंद्राक्का, गावातच दिलेली. मला पुस्तकातून येत होतं, तिला गुरांमागं रान फिरून. अक्षर एक ठाऊक नव्हतं तिला.

शेवटच्या पेटीतून साहेबांनी कातडं काढलं. पिवळं, काळ्या पट्ट्यांचं. शेंबडं पोर सांगेल. पण बाई, तेच आमच्या ह्यांचं नाव, ते तोंडातून कसं काढू? मी म्हटलं, ते मोठं, रानातलं. साहेब म्हणाले, नाव सांगा. मी पदर तोंडाला लावला. आक्का बोलून मोकळी झाली, वर म्हणते कशी, आमच्या घरी पन एक हाय, पन तो पेज पितो. सगळी शाळा हसली. हेपण हसले.

आसनगावहून गाडीनं भाऊबहीण गेली. मी चुलीपुढं. आल्यावर महिनाभर विहिरीवर तिचं तेच, आणि मी हंडा सावकाश भरायची, सगळं ऐकायची, पण तोंडानं काही विचारलं नाय. तिनं माझ्यासाठी एक छापील कागद आणला होता, तिथल्या जनावरांच्या नावांचा. साहेबांकडून मागून घेतला म्हणाली, आमच्या घरात एक वाचणारी हाय. मला वाटलं खिजवते. न वाचताच वाशात खोचला. लढाई आली, गेली, कागद तिथंच.

यंदा आक्का तापानं गेली. तेरावं झालं तेव्हा मी तो काढला, धुरानं काळा पडलेला. तिची पोर ठकी आता आमच्याकडं असते, तिला मी त्याच्यावरूनच वाचायला शिकवते. खोटं कशाला बोलू, अजून आक्काचा हेवा वाटतो मला. तिनं ते बघितलं, मी नाय. आणि ह्यांना नावानं हाक मारणारी तीच एक उरली होती, बांधावरून मारायची, अख्ख्या शिवाराला ऐकू जायची. आता ती हाक नाय. हे बोलतातही कमी.

थांबा, वाचूनच दाखवते ती. ये गो ठके. कोल्हा. खवल्या मांजर. रानडुक्कर. पुढचं? माझ्याकडं काय बघतेस, मी नाय सांगायची. तुझ्या आईला येत होतं. मोठ्यानं वाच.

वाघ.

ऐकलंत बाई? अंगणातून ह्यांनी ओ दिली.

काय नाय हो, पोर वाचतेय. वाच गो ठके, परत वाच.