सरलाच्या पाठीवरचं डिझाइन

इंटरनेटचं नाव काढलं की मला सरलाचा स्वेटरच आठवतो. रिसालीत ती आमच्या शेजारी राहायची. माझ्या स्वेटरचं डिझाइन तिनं न विचारता उचललं, म्हणून मी तिच्याशी बोलणंच सोडलं होतं. दिराकडे तेव्हा नवीनच इंटरनेट आलं होतं.

तो म्हणाला, "वहिनी, नक्कल म्हणजे चोरी का, यावर इथं लोक भांडून राहिले. तुमचंबी टाकू?"

दुसऱ्या दिवशी त्यानं उत्तरं वाचून दाखवली. कधी न पाहिलेली माणसं माझ्या स्वेटरवरून भांडत होती! कोणी माझ्या बाजूनं, कोणी सरलाच्या. मी थक्कच झाले. कॅनडातल्या एका बाईनं मात्र विचारलं होतं, "ते डिझाइन मला शिकवाल का?"

एवढ्या लांबून कोणी माझं डिझाइन मागतंय! पण माझा स्वेटर उसवून मी मुलाचा विणला होता आणि डिझाइन पार विसरले होते.

शेवटी सरलाचं दार वाजवलं.

"तो स्वेटर घाल अन् पाठ कर इकडे."

"कावून? आता अंगावरून उसवून नेतं का?"

"नाही गं. हलू नको. कॅनडातली बाई वाट पाहून राहिली."