मासोळीच्या पोटातले जंत

नको, बोट नका घालू पाण्यात! — ओरडले जरा, पण मासोळी आजारी आहे, दिसत नाही का? आणि अत्तर लावून आलाय तुम्ही, मुलगी बघायला आलात म्हणून; ते तिला कशाला पाजताय? बसा त्या पाटावर. ‘जा, गॅलरीत जाऊन दोघं मोकळेपणानं बोला,’ म्हणाले ना आत सगळे? मग मोकळेपणानं बोलायला आज माझ्याकडे एवढाच विषय आहे. नाव विचारून झालं — मृणाल, जे नाशिकहून निघतानाच तुम्हाला माहीत होतं — गाते का, विचारून झालं. नाही गात. माशांची पोटं बघते. प्राणिशास्त्रात एमएस्सी म्हटल्यावर तुमच्या आई काय म्हणाल्या? ‘हो का, मग स्वयंपाकाला वेळ मिळतो?’

हे बघा, शेपटीमागे पांढरा दोरा लोंबतोय, शेवईसारखा. शी आहे ती. — तोंड काय वाकडं करताय, विष्ठा म्हटलं असतं तर आवडली असती? पांढरी शी, पोट खपाटीला, खाणं तोंडात घेते नि थुंकून टाकते — म्हणजे पोटात जंत, नाहीतर तसलंच काही. संशय म्हणतेय, खात्री नाही. खात्रीला सूक्ष्मदर्शक लागतो आणि तो कॉलेजात कुलपाआड. म्हणून हिला टबात वेगळी काढलीय. आणि आमच्या बाबांनी काय करावं? टेट्रासायक्लीन! हसू नका. गेल्या वर्षी प्लेगमध्ये अख्ख्या सुरतेनं त्या कॅप्सूल चण्याफुटाण्यासारख्या खाल्ल्या, घराघरांत डबे भरून उरल्यात, आता काही झालं की फोडा कॅप्सूल — कुत्र्याला खरूज, फोडा. तुळस वाळली, फोडा. बँकेत मॅनेजर आहेत बाबा, अडाणी नाहीत! पण प्लेगला पुरून उरली ती गोळी जंतांना सोडते की काय, असं त्यांचं शास्त्र. जंतांना ढिम्म काही झालं नाही. पाणी मात्र चहासारखं झालं, वर फेस, आणि ही बिचारी त्यात आडवी.

ती वाटी द्या इकडे. ती नाही, वाटाण्याची. उकडून, साल काढून, त्यात ही गोळी कुटून — जुलाबांवर देतात ना, कडूजहर, तीच. कडू लागते म्हणून लसणाचा रस. दुकानदाराला विचारायला गेले तर तो काय म्हणतो? ‘बेन, मरी जाय तो बीजी लई जजो, एमां शुं!’ मेली तर दुसरी घेऊन जा, त्यात काय! सगळ्यांचं तेच. त्यात काय. दुसरी मिळते.

तुम्ही सरबत प्यायला नाहीत. — नाही, आग्रह नाही करत. पाहिलं मी. तुमच्या आईंच्या पिशवीतली बाटलीही पाहिली. नाशिकचं पाणी ना? सुरतेला यायचं, सुरतेची मुलगी बघायची, पण घोट आपल्या घरचा! अहो, प्लेग पिसवांतून येतो, खोकल्यातून येतो, सरबतातून येत नाही — इंजिनियर ना तुम्ही? आणि आता नळाला इतकं क्लोरीन मारतात की बादली रात्रभर उघडी ठेवल्याशिवाय मासा जगत नाही त्यात. जंतूंना जगायचं असेल तर त्यांनी तुमच्या आईंच्या बाटलीत जावं. शिकलेली माणसं म्हणे! पुण्याचेही असेच. तेही शिकलेले, तेही —

कोण पुण्याचे? कोणी नाही.

म्हणजे — सांगितलं नाही का तुम्हाला? बरोबर, कसं सांगतील. माझा साखरपुडा झाला होता, पुण्याच्या मुलाशी. गेल्या उन्हाळ्यात, ह्याच घरात, पेढे वाटून. मग प्लेग आला. अर्धं गाव पळालं, आम्ही राहिलो. मी कॉलेजच्या मुलांबरोबर इथल्या बमरोलीला, कामगारांच्या चाळीचाळीत औषधं वाटत हिंडले — तेच नडलं. ‘मुलगी तसल्या वस्तीत गेली होती म्हणे.’ आधी म्हणाले, जरा थांबू. मग म्हणाले, कळवतो. बाबा महिनाभर फोनजवळ बसून, हो, बँकेतून जेवायला घरी यायचे, वाजला तर उचलायला. तो स्वतः? एक शब्द नाही. आणि ही मासोळी — हो, त्यानंच दिली होती. मग? फेकून देऊ? हिचा काय दोष? तुम्हाला वाटतं मी त्याच्यासाठी हिला — वेडे आहात का! जीव आहे म्हणून जगवतेय. कोणीही जगवेल. डोळे? लसूण चोळलाय मघाशी, दिसत नाही?

झालं आता तुमचं काम सोपं. आईंना बाटलीही आहे आणि कारणही मिळालं. पण एक सांगते. बाबांनी आज रजा घेतलीय, इस्त्रीचा शर्ट घातलाय, तुम्हाला दाखवायला अल्बमही काढून ठेवलाय. वर्षभरात तुम्ही पहिलेच आलात. तेव्हा ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणायचं नाही. नाही म्हणायचं असेल तर आत्ता, त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याकडे बघून म्हणा. आईंना पुढे करू नका. तुमच्या तोंडानं. एवढं जमतं का बघा.

काय? — मला नका विचारू मला काय वाटतं. आत्तापर्यंत कुणी विचारलं नव्हतं, आता मध्येच कसलं? ...बसलात काय परत? उठा. आत जा. वाट बघतायत बाबा.

मी येत नाही, तुम्ही जा. पाणी बदलायचंय मला.