कोटीचा नवस आणि माझा चहा

न्हाई हो, तो कप उचला पुढनं! वास येऊन राहिला... अद्रक घातलीय ना? घातलीच असंल! अहो, माणसाचा असा छळ करू नये. मी गुरुबसप्पा, औशाजवळच्या गावात माझं किराण्याचं दुकान, दिवसाला अकरा कप चहा पिणारा माणूस, आन् आज तीन म्हैने झाले... का? तर हे तोंड! तुम्हाला सांगतो, माणसानं काय बी बोलावं, पर आकडा बोलू नये. कोटी म्हंजी खायचं काम न्हाई!

झालं काय, जिल्हा आमचा नवा. आधी कागद उस्मानाबादला जायचे, आता लातूरलाच कलेक्टर! छाती ही अशी! त्यात दुष्काळ. दोन वर्षं आभाळ कोरडं, विहिरीत बादली सोडली की खण्णकन वाजायची. मठात बैठक बसली. पावसासाठी शिवाचा जप करू म्हणले. कोण तरी म्हणलं, 'लाखाचा करू.' मला लाजच वाटली! उठलो आन् म्हणलो, 'लाख? आरं, नव्या जिल्ह्याची माणसं आपण, कोटीत बोला! आन् कोटी भरंपर्यंत हा गुरुबसप्पा चहाला शिवणार न्हाई!' टाळ्या! कसल्या टाळ्या... लाख, दशलक्ष, कोटी, दोनच तर पायऱ्या, असं मला वाटलेलं. नववी शिकलोय मी!

घरी आलो तर बायको, नीलम्मा. शाळेची पायरी न चढलेली. पर उदगीरच्या तिच्या आजानं ल्हानपणी पाठ करून घेतलेलं: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, पद्म... थांबतच न्हाई! मी इथं चहाच्या काळजीत, आन् ही पद्माच्या पुढं निघाली!

दुकानात चिंचोक्यांचं पोतं होतं, त्यातली मूठ पुढ्यात ओतली आन् म्हणती कशी, 'आवो, सेकंदाला एक नाव घ्या. दिसाला आठ तास बसा. मधी खोकायचं न्हाई. लाख भराया साडेतीन दिस.'

'आन् कोटी?'

'तसे शंभर लाख. तीनशे सत्तेचाळीस दिस. येत्या वर्षी ह्याच टायमाला आधण ठिवते.'

मी खालीच बसलो! टाळ्या वाजवल्या सगळ्या गावानं, पर कोटी किती हे ठाव असलेलं माणूस एकच, आन् ते माझ्याच घरात भाकरी थापून राहिलं होतं!

मागं फिरावं तर गावात नाक जातंय. मंग हिनंच वाट काढली. म्हणली, 'टँकरच्या लाईनीत शंभर माणसं तीन-तीन तास बसून काय करत्यात? भांडत्यात! त्याच तोंडानं नाव घ्या म्हणावं.' एकशे आठची माळ झाली की आपल्या रिकाम्या घागरीत एक चिंचोका. तीन तासांत माणशी शंभर चिंचोके. शंभर माणसांचे दहा हजार. म्हंजी दिसाला दहा लाख ऐंशी हजार नावं, दहा दिसांत कोटीच्या वर! हे सगळं तिनं बोटांवर. मी कागदावर केलं, तर दोन शून्यं जास्तच आली.

बौद्धवाड्यातली भामाबाई म्हणली, 'आप्पा, आमी जप करनार न्हाई. आमचं आमच्यापाशी. पर मोजनार मी. तुमच्या लोकांचा काय भरवसा?' आन् खरंच हो! संगप्पानं माळ न ओढता मूठभर चिंचोके घागरीत टाकले, तर बाईनं घागर उलटी केली! 'चिंचोके हायत संगप्पा, नावं कुटं हायत? बसा पयल्यापास्नं. कोटी म्हंजी खायचं काम न्हाई!'

दहाव्या दिशी भामाबाईनं हात वर केला, 'भरले!' सगळी लाईन उठून नाचली. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं घागरभर पाण्यासाठी कोण कोणाशी धड बोललं नव्हतं, आन् हिनं अख्खं गाव एका आकड्याला जुंपलं. माझी बायको! तिनं तिथंच चहा आणला. बशीत ओतला. मी ओठाला लावणार... तेवढ्यात आभाळ गडगडलं! आनंद काय सहन हुईना, बशी हातात तशीच, आन् मी ओरडलो, 'देवा, आज पडलास तर अब्ज! अब्ज भरंपर्यंत चहा न्हाई!' कोटी, दशकोटी, अब्ज... दोनच तर पायऱ्या!

पडला हो! असा पडला, बशीत चहापेक्षा पाणी जास्त झालं. विहिरी भरल्या. टँकर बंद. लाईन मोडली. शंभरच्या शंभर माणसं पेरणीला गेली, आन् जपाला राहिलो मी एकटा.

भीत भीत नीलम्माला विचारलं, 'अब्ज म्हंजी किती गं?'

'कोटीचे शंभर.'

'मंग एकट्यानं...?'

चिंचोक्यांना हात बी लावला न्हाई तिनं. 'पंच्याण्णव वर्षं.'

मला आता बावन्नावं चालू हाय. तो कप... न्हाई, फेकू नका. झाकून ठेवा. एकशे सत्तेचाळीसाव्या वर्षी येतो, तेवढा गरम करून द्या.