सुर्ल्याच्या माणसाशी गप्पा

तुम्ही मला घुम्या म्हणता ना, पण एकदा मी दोन तास सलग बोललोय. तेव्हा मी विमानतळाच्या कार्गोत होतो आणि जवळच खोली घेऊन एकटा राहायचो. धावपट्टी नेव्हीची. त्यांचा सराव सुरू झाला की आमचं गेट बंद.

एका सकाळी आखातातून शवपेटी उतरली. आमच्या डिचोलीकडच्या सुर्ल्याचा ट्रक ड्रायव्हर, खाणी बंद पडल्यावर तिकडे गेलेला. त्याला न्यायला आलेला भाऊ गेटबाहेर अडकला. मी पहाऱ्यावरच्या जवानाला विनवलं.

"भाई, ऑर्डर है. एक बजे खुलेगा," तो खाली बघत म्हणाला.

शेडमध्ये परतलो तर फोन वाजत होता. पलीकडे त्याची आई होती.

"मी त्याची आवस बोलतंय. झील पोचलो माझो?"

"पोचला, मावशी. भाऊ एक वाजता आत येईल."

"मगे तो थंय एकटोच आसा?"

मला हो म्हणवेना. "नाही, मी बसलोय त्याच्याजवळ."

"मगे बोल त्याच्याकडे कायतरी. त्याका गप्प रवाक जमत नाय."

मी खुर्ची पेटीजवळ ओढली. आधी डिचोलीच्या बाजाराचं सांगितलं, मग आमोण्यातल्या माझ्या बंद घराचं, आई गेल्याचं. कुणालाच न सांगितलेलंही सांगून टाकलं.

एक वाजता भाऊ आत आला आणि मला बोलताना बघून दारातच थांबला.

"तुम्ही वळखत होतास त्याका?"

मी हो म्हटलं. तोवर ते खोटं राहिलं नव्हतं.