शववाहिकेच्या ड्रायव्हरनं हसू नये

…नाही, पण मी म्हणतो, माणूस हसला तर तुमचं काय जातं? कामावर नको म्हणालात, कबूल! मागे कुणाचे तरी वडील आडवे आणि शववाहिकेचा ड्रायव्हर पुढे बसून खिदळतोय, कुणालाच पटणार नाही. पण आमच्या साडूच्या मालकानं कागदच काढला : कर्मचाऱ्यानं चारचौघांत हसू नये. कधीही. बाजारात नाही, बागेत नाही, न्हाव्याच्या खुर्चीत नाही… आणि हे ड्यूटी संपल्यावर, बरं का!

साडू म्हणाला, "मालक, सहाला गाडी लावली की मी माझा." मालक कसा बोलतो, हळू, मऊ, समोरच्याच्या घरी आत्ताच काहीतरी घडल्यासारखा : "असं कसं? आपलं गिऱ्हाईक कोण? अख्खं गाव! आज तुम्हाला हसताना बघतील, उद्या प्रसंग आला की म्हणतील, तो दात काढणारा नको, पलीकडच्या कंपनीला फोन लावा." घ्या! बोला आता! दुसरा ड्रायव्हर बसस्टॉपवर मित्राशी हसला, कुणीतरी मालकाला फोटो पाठवला, सोमवारी नोकरी जाऊन घरी बसला. साडूनं निमूट सही ठोकली. करतो काय?

आणि तुम्हाला सांगतो, हा माणूस मुळात हसरा म्हणजे किती? स्वतःच्या लग्नात असा सुटला होता, की फोटोग्राफरनं कंटाळून एकट्या नवरीचेच फोटो काढले! तोच आता आरशासमोर तोंड पाडून मग घराबाहेर पडतो. भाजीवाली विचारते, "दादा, घरी सगळं बरंय ना?" हा नुसती मान हलवतो. कांद्यांकडे बघत. ड्यूटी संपल्यावर, बरं का!

तेही चाललं असतं हो. पण पोरीचं शाळेत नाटक आलं. नऊ वर्षांची पोर, शिंकणारा राजा झालेली. महिनाभर घरात सराव, दार लावून, आणि बाप गादीवर गडाबडा लोळतोय. पोरगी म्हणाली, "बाबा, मी तुझ्याकडेच बघणार हं. तू हसलास की मला पुढचं आठवतं."

झालं! हॉलमध्ये आम्ही शेजारीशेजारी, आणि पुढच्या रांगेत कोण? मालक! त्याचा भाचा प्रधान झालेला. राजा आला, फर्मान काढायला तोंड उघडलं… आणि आऽऽक्छी! मिशी उडाली ती थेट प्रधानाच्या गालावर! अख्खा हॉल हसून कोसळला. मालक तर पोट धरून, "अरे, अरे, मेलो!" हा हसतोय! त्याला कोण काढणार? आणि आमचा साडू? दगड! डोळे बाहेर, मान ताठ, हसू दाबायला मांडीला करकचून चिमटा… माझ्या मांडीला, स्वतःच्या नव्हे! मी ओरडू का हसू?

पोरीनं बापाकडे पाहिलं. परत पाहिलं. एवढ्या हसणाऱ्या हॉलमध्ये तिला तो एकच चेहरा दिसत होता. आणि राजा थांबला. बाई पडद्याआडून सांगताहेत, "अगं बोल, 'याला पकडा'… बोल ना!" राजा हमसून रडत आत पळाला.

दुसऱ्या दिवशी मालकानं पाठ थोपटली. "काय चेहरा ठेवलात! ड्यूटी नसताना!" याचा फोटो काढून ऑफिसात लावला, नियमाच्या कागदाखाली.

पोरगी आठ दिवस बापाशी बोलली नाही. नवव्या दिवशी मेव्हणीनं दार लावलं, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. "अहो, आता कोण बघतंय? पोरीसाठी एकदा हसा हो." पोरीनं मिशी चिकटवली, शिंकली. यानं तोंड उघडलं… आणि त्या दिवशी दाबलेलं हसू कुठं जाऊन अडकलं होतं कोण जाणे, आतून असा काही आवाज निघाला, लांब, फाटका, थांबेचना, की मिशी लावलेली पोर आईला बिलगली.

दारावर टकटक. शेजारच्या काकू, डोक्यावरून पदर घेऊन, दबक्या आवाजात : "कोण गेलं हो?"

आणि आमच्या साडूनं डोळे पुसले, खुर्ची पुढे केली, आणि ड्यूटीवर तोंडात बसलेलंच बोलला, "बसा. धीर धरा. बाकी सगळं आम्ही बघतो."